डेकेअरमधे शेतावरची भाजी आणली की मुलांचं वजन आटोक्यात येतं का?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की मिनेसोटात तुमचं घरगुती डेकेअर आहे, दीड ते पाच वर्षांची मुलं आहेत, सीएसीएफपीत, म्हणजे डेकेअरमधल्या मुलांच्या जेवणाचे पैसे देणाऱ्या केंद्र सरकारच्या योजनेत तुमचं नाव आहे, डॉक्टरांनी त्यातल्या दोघांच्या आईवडिलांना वजनाबद्दल सांगितलंय आणि आता एका पालकांनी सुचवलंय की जवळच्या शेतकऱ्याकडून थेट भाज्या घ्या म्हणजे लठ्ठपणाला आळा बसेल. तर खरंच बसतो का, आणि सुरुवात कुठून करायची. मी आहारतज्ज्ञ आहे आणि बरीच वर्षं इथल्या डेकेअरवाल्यांबरोबरच काम करतेय, म्हणजे मेनू तपासणं, स्वयंपाक बघणाऱ्यांना ट्रेनिंग देणं, शेतकऱ्यांशी गाठ घालून देणं असंच सगळं. त्यामुळे उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी सरळ उत्तर. नुसती भाजी शेतावरून आणली म्हणून कुणाचं वजन कमी होत नाही. दुकानातलं गाजर आणि शेतावरचं गाजर, कॅलरीच्या हिशोबात दोन्ही गाजरंच. फरक पडतो तो मुलं ते गाजर खातात की नाही यात, आणि ते खाल्ल्यामुळे ताटातलं दुसरं काय मागे पडतं यात. म्हणून पालकांना कृपा करून असं सांगू नका की आम्ही लोकल भाज्या सुरू केल्यात, आता वजन कमी होईल. नॉर्थ कॅरोलिनात डेकेअरमधे भाज्यांचे वाफे करून मुलांना स्वतः लावायला, तोडायला लावलं, काही सेंटरमधे वाफे आणि काही सेंटरमधे नाही अशी रीतसर तुलना केली, 2022 मधे ते प्रसिद्ध झालंय. त्यात मुलांना फळंभाज्या जास्त ओळखता यायला लागल्या आणि स्नॅकला त्यांनी त्या जास्त खाल्ल्या. हे खूप आहे, पण हे वजन नाही. वजन म्हणजे झोप, स्क्रीन, ज्यूस, पळापळ, घरातला ताण, आनुवंशिकता या सगळ्याची गोळाबेरीज असते आणि तुमच्या हातात त्यातला एक तुकडा आहे.

पण तो तुकडा लहान नाही हां. सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेच्या 2017 ते 2020 च्या आकड्यांत 2 ते 5 वयाच्या मुलांमधे लठ्ठपणा 12.7 टक्के होता आणि 6 ते 11 वयात तोच 20.7 टक्के. म्हणजे शाळा सुरू झाली की आकडा उडी मारतो, आणि ती उडी लागायच्या आधीची वर्षं तुमच्या घरात जातात. सीएसीएफपी एका मुलामागे दिवसाला दोन जेवणं आणि एक स्नॅक किंवा दोन स्नॅक आणि एक जेवण यांचे पैसे देतं, म्हणजे सोमवार ते शुक्रवार त्या मुलाच्या खाण्याचा मोठा हिस्सा तुम्ही ठरवता, आईवडील नाही. हे बऱ्याच डेकेअरवाल्यांना स्वतःलाच जाणवत नाही.

आणि धोरण बदललं की लहान मुलांच्या आकड्यांत फरक दिसू शकतो याचं उदाहरणही आहे. विक म्हणजे गरोदर बायका आणि लहान मुलांसाठीची ती सरकारी अन्नमदत, तिच्यातल्या वस्तूंची यादी 2009 मधे बदलली, फळंभाज्यांसाठी पैसे आले, ज्यूस कमी झाला, दूध कमी फॅटचं झालं. त्यानंतर विकमधल्या 2 ते 4 वयाच्या मुलांमधला लठ्ठपणा 2010 मधे 15.9 टक्के होता तो 2016 पर्यंत 13.9 वर आला. फक्त यादीमुळेच आला असं कुणी छातीठोक सांगू नये, त्या काळात बाकीही बरंच चाललं होतं, पण ताटात काय येतं ते बदललं की फरक दिसू शकतो एवढं म्हणायला हरकत नाही.

आता शेतावरच्या भाजीचा खरा उपयोग काय ते सांगते. साधारण दोन वर्षांपासून पाच-सहा वर्षांपर्यंत मुलं नवीन पदार्थ बघितला की तोंड फिरवतात, ते नखरे नसतात, वयाचा भाग असतो. लीन बर्च नावाच्या संशोधक होत्या, त्यांचं आयुष्य मुलांच्या खाण्यापिण्याच्या अभ्यासात गेलं, त्यांच्या आणि नंतरच्या कामातून एक गोष्ट पुन्हा पुन्हा निघाली, की एखादा नवा पदार्थ मुलाने स्वीकारायला तो साधारण 8 ते 15 वेळा समोर यावा लागतो, नुसता बघायला नाही तर चाखायला. आणि आपण काय करतो, दोनदा दिला, थुंकला, की "याला नाही आवडत" असा शिक्का मारून तो पदार्थ मेनूतून गायब. शेतकऱ्याशी नातं जोडल्याने ही 8-15 वेळांची सोय आपोआप होते. कारण सीझन आला की तीच भाजी महिना-दीड महिना येतच राहते, तुम्हाला पर्यायच नसतो. आणि प्रत्येक वेळी ती ताटातच असायला हवी असं नाही, मुलं ती पेटीतून बाहेर काढतात, धुतात, वास घेतात, मोडतात, रंगवतात, हे चाखण्याच्या मोजणीत नाही, पण ओळखीत धरा.

तुम्हाला एक प्रसंग सांगते म्हणजे मी काय म्हणतेय ते दिसेल. एका डेकेअरमधे नवलकोल आला होता, जांभळा, पाल्यासकट, फांद्या चारी बाजूंनी फुटलेल्या, बघायलाच विचित्र. पहिल्या दिवशी बाईंनी तो नुसता गालिच्याच्या मधोमध ठेवला. मुलं भोवती बसली, एकाने विचारलं याला पाय आहेत का. पाल्याला हात लावून झाला, वास घेऊन झाला, कुणीतरी डोक्यावर ठेवला. खायचं नावच नाही. दोन दिवसांनी तोच सोलून, किसून, चमचाभर किस आणि बाजूला थोडं दही असं टेबलवर आलं. एका मुलीने जीभ लावली आणि हात मागे घेतला. एकाने तोंडात घातलं, चावलं आणि शांतपणे नॅपकिनमधे काढून ठेवलं, बाई काही बोलल्या नाहीत, कारण नियमच होता की नको असेल तर नॅपकिनमधे काढायचं, "ई" म्हणायचं नाही. तिसऱ्या-चौथ्या खेपेला दोघं-तिघं मागून खात होती आणि ती मुलगी मात्र सीझन संपेपर्यंत जीभच लावत राहिली. हे यशच आहे ताई. जिभेला लागला म्हणजे मोजणीत आला.

इथेच मला वाटतं सगळ्यात जास्त चुकतं, आणि आपल्या मराठी लोकांचं जरा जास्तच. आपल्याकडे प्रेम म्हणजे भरवणं. चिऊचा घास, काऊचा घास, हा आजीचा, हा बाबांचा, आणि मूल तोंड फिरवतंय तरी अजून एक, अजून एक. वर हल्ली समोर मोबाईल. मूल पोट भरल्याचं सांगतंय आणि आपण त्याला ते न ऐकायचं शिकवतोय. तुमच्याकडे असं होतं असं मी म्हणत नाही, पण मी जितक्या देशी घरगुती डेकेअरमधे गेलेय तिथे "प्लेट क्लीन करा मग बाहेर जायचं" हे वाक्य हमखास ऐकलंय. अमेरिकन डेकेअरमधे वेगळ्या रूपात हेच असतं, ब्रोकोली खाल्लीस तर कुकी. त्याने ब्रोकोली ही शिक्षा होते आणि कुकी बक्षीस. एलिन सॅटर या आहारतज्ज्ञांनी वाटणी करून दिलीय ती मला सगळ्यात उपयोगी वाटते: काय, कधी आणि कुठे खायचं ते मोठ्यांनी ठरवायचं, खायचं का आणि किती ते मुलाने ठरवायचं. वाचायला सोपं आहे, पाळायला फार अवघड, खास करून पहिले दोन आठवडे, कारण मुलं कमी खातात आणि आपला जीव खालीवर होतो.

त्यासाठी जमलं तर फॅमिली स्टाइल वाढा, सीएसीएफपीला ते चालतं. म्हणजे छोट्या भांड्यांत पदार्थ टेबलवर, छोटे डाव, मुलं स्वतः घेतात. सांडतं, खूप सांडतं, पहिल्या आठवड्यात तुम्ही मला शिव्या द्याल. पण जे मूल स्वतः तीन तुकडे घेतं ते तिन्ही खायची शक्यता जास्त असते. आणि तुम्ही स्वतः त्यांच्याबरोबर बसून तीच भाजी खा. उभ्याने, फोन हातात, असं नको. भाजी जेवणाच्या पाच-दहा मिनिटं आधी, मुलं हात धुऊन भुकेली बसलेली असतात ना, तेव्हा ठेवा, बाकीचं नंतर. नगेट आणि भाजी एकदम समोर आली तर भाजी हरणारच.

आता पुरवठ्याचं बघू. आधी हिशोब करा म्हणजे घाबरायला होणार नाही. सीएसीएफपीत जेवणाला 3 ते 5 वयाच्या मुलाला पाव कप भाजी आणि पाव कप फळ लागतं, 1-2 वयाला त्याच्या निम्मं. समजा तुमच्याकडे तीन वर्षांच्या वरची 8 मुलं आहेत, तर एका जेवणाला 2 कप भाजी झाली, गाजरासारखी भाजी असेल तर साधारण पौंडभर. आता कुठला शेतकरी पौंडभर गाजरं द्यायला तुमच्या दारात येणार? नाही येणार, आणि त्यात त्याची काही चूक नाही, डिझेल कोण भरणार. म्हणून घरगुती डेकेअरवाल्यांनी सेंटरची नक्कल करू नये. मोठ्या सेंटरला डिलिव्हरी, फूड हब (बऱ्याच शेतकऱ्यांचा माल एकत्र करून विकणारं केंद्र), होलसेलर हे सगळं जमतं. मिनेसोटात इन्स्टिट्यूट फॉर अ‍ॅग्रिकल्चर अँड ट्रेड पॉलिसी या संस्थेने 2012 च्या सुमारास न्यू होरायझन अ‍ॅकॅडमी या मोठ्या डेकेअर साखळीबरोबर फार्म टू चाइल्डकेअर सुरू केलं, त्यात काही निवडक भाज्याफळं घेऊन त्यांच्याभोवती मेनू आणि खेळ बांधले. त्यातली कल्पना उचला, एका वेळी एकच भाजी, पण पुरवठ्याची पद्धत उचलू नका.

तुमच्यासाठी तीन रस्ते. एक म्हणजे फार्मर्स मार्केट, तिथे एकाच शेतकऱ्याकडे दर आठवड्याला जा, तोंडओळख होऊ द्या, मग तोच सांगेल पुढच्या आठवड्यात काय येणार. दुसरा सीएसए, म्हणजे सीझनच्या सुरुवातीला पैसे भरायचे आणि दर आठवड्याला पेटी घ्यायची. मला घरगुती डेकेअरसाठी हा आवडतो, पण पहिल्या वर्षी अर्धीच पेटी घ्या, कारण जूनमधे नुसता पाला येतो आणि पाल्याचं काय करायचं कळत नाही. तिसरा म्हणजे तुमच्या भागातल्या तीन-चार डेकेअरवाल्या मिळून ऑर्डर द्या, एकीने घरी उतरवून घ्यायची, बाकीच्यांनी न्यायची. याला एक बाई खमकी लागते, नाहीतर पैशांवरून रुसवेफुगवे ठरलेले.

सेंट पॉलच्या बाजूला असाल तर तिथल्या मार्केटमधे हमोंग, म्हणजे मूळच्या आग्नेय आशियातल्या समाजाचे शेतकरी भरपूर आहेत, त्यांची हमोंग अमेरिकन फार्मर्स असोसिएशन 2011 पासून आहे आणि डकोटा काउंटीत त्यांचं 155 एकरांचं फार्म आहे. त्यांच्याकडे आपल्या ओळखीचा माल पण मिळतो, कोथिंबीर, मुळा, मिरच्या, कधी कधी कारली पण. कारल्याच्या नादाला डेकेअरमधे लागू नका म्हणा.

आणि विचारताना लहान साइज मागा. हे कुणी सांगत नाही म्हणून सांगते. बाजारात मोठं सफरचंद विकलं जातं, छोटी मागे पडतात आणि शेतकरी ती कमी भावात द्यायला तयार असतो. तीन वर्षांच्या मुलाच्या मुठीला छोटंच बरं, मोठं अर्धं खाऊन टाकून देतात. वाकडी गाजरं, दोन पायांची गाजरं, तीही मागा. मुलांना सरळ गाजरात काही रस नसतो, दोन पायांच्या गाजराला नाव ठेवतात.

लायसनचं खूपजणी विचारतात, शेतकऱ्याकडे काही परवाना लागतो का म्हणून. मिनेसोटाच्या राज्यघटनेतच आहे, कलम 13 मधे, की स्वतः कसलेल्या शेतातला किंवा बागेतला माल विकायला लायसन लागत नाही. म्हणजे अख्खी भाजी, अख्खं फळ तो तुम्हाला विकू शकतो. पण त्याने ती चिरून, सोलून, पाकिटात भरून दिली की ते प्रोसेसिंगमधे मोडायला लागतं आणि वेगळे नियम येतात. त्यामुळे अख्खंच घ्या. तरी शेतकऱ्याला विचारायचं ते विचारा, पाणी कुठलं, खत म्हणून शेण घालतो का आणि तोडणीच्या किती आधी, तोडणाऱ्यांना हात धुवायची सोय आहे का, गाडीत भाजी कशाबरोबर येते. चांगला शेतकरी या प्रश्नांनी चिडत नाही, उलट बोलायला लागतो. जो चिडतो त्याच्याकडून मी घेत नाही.

लोकल म्हणजे किती मैल, असंही विचारतात. यूएसडीए म्हणजे केंद्राच्या शेती खात्याने सीएसीएफपीसाठी मैल ठरवून दिलेले नाहीत, तुम्हीच ठरवा. पण लोकल म्हणजे पौष्टिक हा घोळ डोक्यातून काढा. ऑक्टोबरमधे सफरचंदाच्या बागेत गेलात की गरमागरम सायडर डोनट मिळतात, अगदी लोकल, आणि सीएसीएफपीत डोनट, कुकी, केक यांना 2017 पासून धान्य म्हणून धरतच नाहीत. सायडर म्हणजे सफरचंदाचा ताजा रस, तो पाश्चराइझ केलेला नसेल तर तो मुलांना अजिबात द्यायचा नाही. कच्चं दूधही नाही, शेतकरी कितीही चांगला असो. मध एक वर्षाच्या आतल्या बाळाला नाही. आणि घरी बरणीत भरून सील केलेल्या भाज्या, शेजारच्या आजींनी प्रेमाने दिल्या तरी डेकेअरमधे वापरू नका, सीएसीएफपीला त्या चालत नाहीत, बॉटुलिझम या जीवघेण्या विषबाधेची भीती असते.

पाल्याचं एक गणित लक्षात ठेवा, कच्ची पालेभाजी निम्मीच धरतात. लेट्यूस अर्धा कप दिलं तरी हिशोबात पाव कप. यावर स्पॉन्सरच्या, म्हणजे घरगुती डेकेअरचं सीएसीएफपीचं काम बघणाऱ्या संस्थेच्या भेटीत बऱ्याचजणी अडकतात आणि मग त्या जेवणाचे पैसे जातात. दुसरं, जेवणात फळाच्या जागी दुसरी भाजी दिली तरी चालते, फक्त दोन्ही भाज्या वेगळ्या हव्यात. ऑगस्टमधे टोमॅटो आणि स्वीटकॉर्न दोन्ही उतू जात असतात तेव्हा हा नियम तुमच्या कामाचा.

आणि खरं सांगायचं तर वजनासाठी भाजीपेक्षा पेयांकडे आधी बघा. ज्यूस सीएसीएफपीत दिवसातून एकदाच धरतात, पण मी म्हणेन आठवड्यातून एकदाही लागत नाही, फळ द्या. दोन वर्षांवरच्या मुलांना 1 टक्का किंवा फॅट-फ्री साधं दूध, फ्लेवरवालं नाही, आणि 1 ते 2 वयाच्यांना मात्र फुल फॅट. पाणी दिवसभर हाताशी. ज्यूसचे कप बंद करणं हे फार्मच्या पेटीइतकं फोटोजेनिक नाही, पण खर्च शून्य आणि उद्या सकाळपासून करता येतं.

गुदमरण्याचं मात्र गंभीरपणे घ्या. शेतावरून आलेल्या कितीतरी गोष्टी चार वर्षांखालच्या मुलांसाठी आकारानेच धोक्याच्या असतात. चेरी टोमॅटोचे उभे चार तुकडे, द्राक्षाचेही उभेच, कच्चं गाजर गोल चकत्या करून कधीच नाही, किसून किंवा वाफवून बोटाने दाबलं जाईल इतकं मऊ करून. कच्चं सफरचंद अगदी पातळ कापून नाहीतर शिजवून. शेतावर सहल नेलीत तर तोडता तोडता तोंडात घालणारी मुलं असतात, त्यामुळे प्रत्येकी दोन-तीन मुलांमागे एक मोठं माणूस ठेवा. प्राण्यांना हात लावल्यावर साबण-पाण्यानेच हात धुवायचे, सॅनिटायझर चोळून भागत नाही. शेतावर नळ नसेल तर पाण्याचा तोटीवाला कॅन गाडीत टाका, आणि शेळ्यांच्या गोठ्याजवळ डबा उघडू नका.

सहल जमणार नसेल तर मन खट्टू करू नका. मला विचाराल तर सहलीपेक्षा शेतकरी स्वतः डेकेअरमधे अर्धा तास येऊन गेला तर जास्त उपयोग होतो, हिवाळ्यात त्यांना वेळही असतो. मातीचे बूट, खिशातून निघालेल्या बिया, एक मोठा भोपळा. नंतर तोच भोपळा शिजला की मुलं म्हणतात हा त्या काकांचा भोपळा. नाव असलेल्या माणसाची भाजी खायला मुलं जास्त तयार होतात हे मी इतक्या ठिकाणी बघितलंय की आता त्यावर वाद घालत नाही.

पैशांचं. घरगुती डेकेअरला सीएसीएफपीचे पैसे जेवणामागे ठरलेल्या दराने मिळतात, त्यामुळे तुम्ही भाजी कुठून घेतली याने रक्कम बदलत नाही, मेनू आणि जेवणांची मोजणी रोजच्या रोज लिहिलेली पाहिजे. तरी शेतकऱ्याकडून साधी पावती घ्याच, तारीख, काय, किती, भाव, त्याचं नाव, टॅक्सला लागते. परसात वाफे करायचे असतील आणि तो माल मुलांच्याच ताटात जाणार असेल तर बियाणं, माती, खुरपी यासाठी सीएसीएफपीचे पैसे वापरता येतात. मिनेसोटाच्या शेती खात्याची अ‍ॅग्री फार्म टू स्कूल अँड अर्ली केअर ग्रँट आहे, त्यात नवख्यांसाठी फर्स्ट बाइट नावाचा छोटा भाग आहे, तुमच्यासारख्या घरगुती डेकेअरला या वर्षी कसं बसवता येईल ते तुमच्या स्पॉन्सरला विचारा, अर्ज त्यांच्यामार्फत सोपा पडतो. पण ग्रँटवर सगळा डोलारा उभा करू नका. केंद्र सरकारने शाळा आणि डेकेअरना लोकल माल घेण्यासाठी साधारण 66 कोटी डॉलरची योजना जाहीर केली होती, ती मार्च 2025 मधे एका झटक्यात रद्द झाली. ज्यांनी त्या भरवशावर शेतकऱ्यांना शब्द दिला होता त्यांची पंचाईत झाली, आणि शेतकऱ्यांची त्याहून जास्त. तुमचं काम ग्रँट नसली तरी चालेल इतकं छोटं ठेवा, आठवड्याला एक भाजी, बास.

सीझनबद्दल लोक म्हणतात मिनेसोटात सहा महिने बर्फ, काय लोकल खाणार. अहो, मे-जूनमधे अ‍ॅस्पॅरॅगस आणि रूबार्ब, जूनमधे स्ट्रॉबेरी आणि मटार, जुलै-ऑगस्टमधे काकडी, टोमॅटो, कॉर्न, मग सफरचंदं, आणि त्यानंतर गाजर, बटाटा, कोबी, बीट, लाल भोपळ्याच्या जातीचे स्क्वॉश, हे सगळं नीट साठवलं तर जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत जातं. रूबार्बचा फक्त देठ घ्यायचा, पानं विषारी असतात, परसात लावलात तर मुलांच्या हाताला पानं लागणार नाहीत अशा जागी लावा. मार्च-एप्रिल मात्र सुका काळ, तेव्हा फ्रोझन भाज्या वापरा, त्यात कमीपणा काही नाही. उन्हाळ्यातला कॉर्न, मटार फ्रीझ करून ठेवायचा असेल तर तुमच्या काउंटीच्या लायसन्सरला आधी विचारून घ्या.

आता त्या दोन मुलांचं. त्यांच्यासाठी वेगळं ताट करू नका, त्यांना कमी वाढू नका, इतर मुलांसमोर "तुला पुरे" म्हणू नका. या वयात बहुतेक वेळा वजन उतरवायचं नसतं, उंची वाढू द्यायची आणि वजनाचा वेग आवरायचा असतो, आणि ते सुद्धा त्यांचे डॉक्टर ठरवतात, तुम्ही-मी नाही. ज्या मुलाचं खाणं मोठी माणसं सतत आवरत राहतात ते संधी मिळाली की लपून आणि जास्त खातं, हे दिसून आलेलं आहे. जे बदल करायचे ते सगळ्या मुलांसाठी करा. आईवडिलांशी बोलताना वजन हा शब्दही काढू नका, तुम्ही फक्त सांगा आज याने स्क्वॉश चाखला, दोनदा घेतला. डॉक्टरांनी त्यांना आधीच घाबरवलेलं असतं, तुमच्याकडून त्यांना एक चांगली बातमी हवी असते. आणि दुपारची झोप सांभाळा. 3 ते 5 वयाला दिवसरात्र मिळून 10 ते 13 तास झोप लागते, बरेच पालक म्हणतात दुपारी झोपवू नका म्हणजे रात्री लवकर झोपेल, त्यांच्याशी हे बोलून घ्या, कारण कमी झोप आणि वाढतं वजन यांचा संबंध चांगलाच दिसलेला आहे.

पालकांना सामील करायचं तर लांबलचक पत्रं नकोत, कुणी वाचत नाही. संध्याकाळी घ्यायला येतात तेव्हा दाराशी एक छोटी वाटी, त्या दिवसाचीच भाजी, टूथपिक पालकांसाठी, मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा उंचीवर. मूल स्वतःच आईला सांगतं, हे मी धुतलं. आई घरी जाताना विचारते हे कुठे मिळतं, तेव्हा तुमच्याकडे शेतकऱ्याच्या स्टॉलचं नाव लिहिलेल्या चिठ्ठ्या असाव्यात. ज्यांना स्नॅप, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांसाठीची सरकारी अन्नमदत मिळते त्यांना सांगा की मिनेसोटाच्या बऱ्याच मार्केटमधे मार्केट बक्स म्हणून त्यावर जोड मिळते, कितीतरी जणांना हे माहितीच नसतं.

सुरुवात म्हणून मी तुमच्या जागी असते तर या शनिवारी मार्केटला जाऊन एक भाजी निवडली असती, मुलांनी हाताळावी अशी, रंगाची, कच्ची आणि शिजवून दोन्ही चालेल अशी. पहिले दोन दिवस फक्त हाताळायला, मग चमचाभर चाखायला, मग जेवणात, दर वेळी वेगळ्या रूपात, किसून, वाफवून, पराठ्यात, सूपमधे, आणि एकदा तरी काही न करता तशीच, कारण लपवून घातलेल्या भाजीशी मुलाची ओळख होत नाही. फ्रीजवर एक कागद लावा, प्रत्येक वेळी कोणी बघितलं, कोणी जीभ लावली, कोणी गिळलं, फक्त खुणा. नावं लिहू नका, पालक येता-जाता वाचतात आणि तुलना सुरू होते, आकडे लिहा. महिन्याने तो कागद आणि तुमचा मेनू दोन्हीचे फोटो मला पाठवा, त्यावरून पुढच्या महिन्याची भाजी कुठली घ्यायची आणि ज्यूसचं काय केलंत ते बघू.